सशांना दिलेली धुरी

आमच्या गच्चीवर ससे आले ते पिंजऱ्यांमुळे. नवऱ्याचा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जाळीचे रॅक बनवण्याचा गाळा आहे. एका माणसाने त्याला सशांचे पिंजरे करायला सांगितले आणि पिंजरे तयार झाल्यावर त्याचा फोन लागेना. पिंजरे गाळ्याबाहेर गंजायला लागले, तेव्हा नवऱ्याने ते टेम्पोत घालून घरी आणले आणि म्हणाला, पिंजरे आहेत तर ससे आणू या. आधी कळस मग पाया, असा आमच्या घरचा कारभार आहे. मी नको म्हटलं नाही. त्या वर्षी मी कशालाच नको म्हणत नव्हते, आणि हो पण म्हणत नव्हते. आई गेली होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. जिला मी आई म्हणते ती नात्याने माझी काकी. जिच्या पोटी मी जन्मले ती तिची थोरली जाऊ, तिला मी मोठी आई म्हणते. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघे गिरणीत. थोरला घाटकोपरच्या चाळीत राहायचा, धाकटा इकडे कांदिवलीला. मी तान्ही असताना मोठ्या आईने मला धाकट्या जावेला देऊन टाकलं. घरात हे गुपित नव्हतं, पण त्यावर कोणी बोलायचंही नाही. शाळेत असताना एकदा मी आईला विचारलं होतं की त्यांनी मला का दिलं. ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, त्यांना दोन मुलगे होते, वर मुलगी नको होती, आणि मला तू हवी होतीस. मला ते उत्तर आवडलं होतं. मी तेच धरून मोठी झाले.

आई गेली तेव्हा मी रडले नाही. सगळे म्हणाले, आतल्या आत ठेवू नकोस. आत काही नव्हतंच. मी तिसऱ्या दिवशी डाळीला फोडणी दिली, मीठ बरोबर पडलं, लोक जेवले. नंतरही तसंच चाललं. सकाळ व्हायची, मी उठायचे. त्यात हे पिंजरे आले, मग ससे आले, आणि निदान उठून जायला गच्ची झाली.

सशांची मला माहिती होती. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मी अंधेरीला एका औषधाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथे प्रयोगासाठी जनावरं ठेवायचे, त्यातले ससे माझ्याकडे होते. कंपनी गुजरातला गेली आणि मी घरी बसले. म्हणजे नवऱ्याने ससे आणले ते अगदीच वाऱ्यावर नाही. त्याला वाटलं होतं की मुलांना पाळायला विकू, गोंडस दिसतात. मी म्हटलं, गोंडस सशाला गिऱ्हाईक एकदाच येतं. वाड्याकडे आणि पालघरकडे लोक शेडमध्ये ससे पाळतात, त्यांना चांगल्या माद्या लागतात. तशा माद्या आपण तयार करू.

चांगली मादी म्हणजे काय, हे सांगायला हवं. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक मोठे पांढरे. त्यांच्या माद्या भरपूर पिल्लं घालतात, आणि नंतर त्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नाही. बाळंतपणासाठी ठेवलेल्या पेटीतच मुततात, पिल्लं पेटीबाहेर पडली तर बघत बसतात, आणि आमच्याकडच्या उकाड्यात त्यांचं दूध आटतं. दुसरे गावठी करडे. अंगाने लहान, पिल्लं कमी, पण मादी पोटाचे केस उपटून पेटीत असं घर करते की आत बोट घातलं तर ऊब लागते, आणि दूध शेवटपर्यंत देते. या दोघांचा संकर करायचा. पांढऱ्या मादीला गावठी नर दाखवायचा. उलट करायचं नाही, कारण लहान मादीच्या पोटात मोठी पिल्लं अडकतात. आणि मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही. स्वतःच्या घरात आलेल्या नराला मादी फोडून काढते. यातून ज्या मुली होतील त्या अंगाने आईसारख्या आणि वागायला बापाकडच्या, अशी आशा. जन्माला आल्यावर खरं काय ते कळतं, ते माणसांसारखंच.

मादीला दूध किती आहे, हेही मोजावं लागतं. सशाची मादी दिवसातून एकदाच पाजते, तेही दोन-चार मिनिटं. बाकी दिवसभर ती पिल्लांकडे फिरकत नाही. लोकांना वाटतं किती निर्दय, पण तिची रीत तीच आहे. उगाच आत-बाहेर केलं तर पेटी कुठे आहे ते कुत्र्या-मांजराला कळतं. मी पेटीचं दार बंद ठेवायचे. सकाळी पिल्लं केक करणाऱ्यांच्या छोट्या काट्यावर ठेवायचे, मग दार उघडायचे. मादी उडी मारून आत जायची, पाजायची, बाहेर यायची. पुन्हा पिल्लं काट्यावर. जेवढं वजन वाढलं तेवढं दूध. भरल्या पोटाच्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की आतलं दूध पांढरं दिसतं. उपाशी पिल्लाला सुरकुत्या पडतात.

एकदा नवरा माझ्यामागे उभा राहून हे बघत होता. म्हणाला, "यार, तू आईपणाला मार्क देतेस." मी म्हटलं, द्यायलाच हवेत, नाहीतर निवडणार कशी.

मोठी आई आमच्याकडे आली ती या सगळ्याला वर्ष होऊन गेल्यावर. तोवर पहिल्या संकरातल्या करड्या-भुरक्या माद्या वयात आल्या होत्या. घाटकोपरची चाळ पाडून तिथे टॉवर उठत होता आणि थोरला दादा, म्हणजे तिचा मोठा मुलगा, भाड्याच्या एका खोलीत बायकामुलांना घेऊन राहत होता. धाकटा दुबईला, तो फोनवर काळजी करायचा. दादाने नेरळच्या बाजूला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथे जागा रिकामी व्हायची होती. जागा रिकामी होते म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कधी होईल असं कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. तोपर्यंत तिला माझ्याकडे ठेवायचं ठरलं.

दादा तिला रिक्षाने घेऊन आला. एक पिशवी, एक गाठोडं. चहा झाल्यावरही तो निघेना. आमचं घर बैठं, वर एक खोली, गच्ची, माणसं दोघंच, मुलगा पुण्याला शिकतो. मी 'राहू दे की कायमची' असं म्हणावं म्हणून तो घुटमळत होता. मला ते कळत होतं. मी कपबशा उचलल्या आणि विसळायला गेले.

तो गेल्यावर नवऱ्याने विचारलं, तुझ्या मनात काय आहे. मी सांगितलं, जिने मला ठेवलं नाही तिला मी का ठेवू. हे बोलताना मला राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळं होता येतं. तो म्हणाला, तुझं तू बघ. मग त्याने टीव्ही लावला.

मोठ्या आईचा त्रास काही नव्हता, हे कबूल करायला हवं. ती पुढ्यात येईल ते जेवायची, आपलं ताट आपण घासायची आणि उन्हं कलली की गच्चीवर येऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. मी सशांचं करायचे, ती बघायची. आमच्यात बोलण्यासारखं फार नव्हतं. ती एखाद्या मादीकडे बोट दाखवून विचारायची, "हिका दूध येता?" मी येतं म्हणायचे किंवा कमी येतं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दुसऱ्या मादीबद्दल. मला वाटायचं, म्हातारं माणूस, काहीतरी विचारायचं म्हणून विचारतं.

मग एका करड्या मादीचं पहिलं बाळंतपण आलं. जिच्यासाठी एवढं केलं ती हीच. वाड्याच्या एका शेडवाल्याने तिच्या आणि तिच्या बहिणींच्या मुली आधीच मागून ठेवल्या होत्या, पण ही कशी पाजते ते बघूनच घेईन म्हणाला होता. तिने आदल्या दिवशीच केस उपटायला सुरुवात केली. पेटी इतकी मऊ केली की मी नवऱ्याला बोलावून दाखवली. पहाटे पिल्लं झाली, एकही बाहेर पडलं नाही. उजाडल्यावर मी दार उघडलं, ती सरळ आत गेली. काट्यावर वजन बघितलं आणि मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत असं काही वाटलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं. खाली येऊन मी मोठ्या आईलाही सांगितलं की करडी बाळंत झाली, दूध चांगलं आहे.

ती म्हणाली, "बरा झाला बाये." आणि तिचा चेहरा उजळला. मी आंघोळीला गेले. त्या दिवशी गाळ्यावर माल जायचा होता, नवऱ्याला मदत हवी होती, म्हणून दुपारभर आम्ही दोघं तिकडे होतो.

संध्याकाळी घरात शिरले तर जिन्यात ओव्याचा वास. मला वाटलं तिने स्वतःच्या पोटासाठी काही केलं असेल. म्हाताऱ्या माणसांना गॅस होतो. मी वर गेले नाही, सशांना दिवसातून एकदाच पाजायचं असतं आणि ते झालं होतं.

सकाळी पेटीचं दार उघडलं. करडी पुढे आली, तिने आत नाक घातलं आणि मागे झाली. मागचा पाय जाळीवर आपटला. ससा घाबरला की असा पाय आपटतो. मी थांबले. ती पुन्हा आली, पुन्हा मागे झाली, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. मी पेटीत हात घातला. केसांचं ते मऊ घर तेलकट लागलं, धुराने पिवळं पडलेलं. प्रत्येक पिल्लाच्या डोक्यावर खोबरेल चोपडलेलं होतं.

मी खाली आले. मोठी आई स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी विचारलं, वर काय केलंस. तिने सगळं सांगितलं, अगदी सरळ. बाळंतीण म्हटल्यावर शेक-शेगडी नको का. तिने करवंटीचे निखारे केले, त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लसणीची सालं टाकली, आणि धुपाटणं पेटीपाशी धरून मादीला आणि पिल्लांना धुरी दिली. मग एकेकाला हातात घेऊन टाळू भरली. टाळू कुठे असते ते नीट कळलं नाही म्हणून सगळ्या डोक्याला तेल लावलं. बाळंतशेपा तिने कांदिवली स्टेशनजवळून आणला होता, दादा तिला घेऊन आला त्याच दिवशी, रिक्षात बसायच्या आधी. म्हणजे आमच्याकडे येतानाच तो तिच्या पिशवीत होता. मी आधी कधीतरी फोनवर सांगितलं असणार की माद्या गाभण आहेत.

मी ओरडले नाही. तिला समजावून सांगितलं की सशिणीला पिल्लं वासाने कळतात. धूर आणि तेल लागलं की तिला वाटतं ही माझी नाहीत. ती ऐकत होती. सुरी हातातच होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे ती उपाशी?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.

दिवसभर मी जे येतं ते करून पाहिलं. पिल्लं कोमट ओल्या कापडाने पुसली, पेटी बदलली, मादीच्या गळ्याखालचे उरलेले केस हलकेच काढून आत घातले. नवऱ्याने तिला धरून ठेवलं आणि मी पिल्लं तिच्या पोटाशी लावली, तर तिने त्याचा हात ओरबाडला. घाबरलेल्या मादीला पान्हा फुटत नाही. नवरा हाताला हळद लावत म्हणाला, "वाट लागली ना सगळ्याची." दीड वर्षाची मेहनत होती. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी फक्त पुढे काय करायचं ते बघत होते. पिल्लांना सुरकुत्या पडायला लागल्या होत्या.

उरला एकच उपाय. एका पांढऱ्या मादीला आदल्याच दिवशी पिल्लं झाली होती आणि त्यातली अर्धी तिच्या गबाळेपणाने मेली होती. तिच्याकडे जागा होती. दूध फार नव्हतं, पण होतं. करडीची पिल्लं तिच्या पेटीत घालायची.

ऊन उतरायला आलं होतं. मोठी आई टाकीपाशी येऊन बसली. सकाळपासून ती वर आली नव्हती. मी पांढरीला मांडीवर घेऊन तिच्या नाकाला बाम चोळत होते, सर्दीला लावतो तोच. मोठ्या आईने विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, तिला वास येऊ नये म्हणून. ही पिल्लं आपली नाहीत हे तिला कळायला नको. मग मी करडीची पिल्लं एकेक करून पांढरीच्या पिल्लांमध्ये मिसळली, वर तिचे केस पसरले आणि दार उघडलं. पांढरी आत गेली. पोट टेकलं. पेटीतून चुळबुळीचा आवाज आला, आणि मग तो थांबला. पिल्लं प्यायला लागली की आवाज थांबतो.

"आता ही परत कधी जातली?" मोठ्या आईने विचारलं. "त्यांच्या आवशीकडे."

"परत नाही जात," मी म्हटलं. "आता हीच त्यांची आई. दिलं ते दिलं."

मी हे सशांबद्दल बोलत होते. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं की ते फक्त सशांबद्दल राहिलेले नाहीत. पण मी ते मागे घ्यायचा प्रयत्न केला नाही. मी काटा पुसायला घेतला.

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "मी तुका देवन नाय टाकलंय."

मी मान वर केली.

"माझ्या अंगार दूध नाय होता गो. एक थेंब नाय. बाटलीचा तू ओकीस. तुझ्या आवशीचो झील गेल्लो, तिच्या अंगार होता. सा म्हयन्यांसाठी दिलंय तुका. सा म्हयने, असा ठरला होता."

ती भिंतीकडे बघून बोलत होती. पुढचं तिने तुटक तुटक सांगितलं. आईचा पहिला मुलगा जन्मून चार दिवसांत गेला होता, हे मला माहीत होतं. तो मी जन्मले त्याच सुमारास गेला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईच्या छातीला गाठी झाल्या होत्या, ताप चढायचा, आणि घाटकोपरला मी उपाशी रडायचे. सासूने तोड काढली. धाकटीकडे दूध आहे, पोर तिच्याकडे द्या, उष्टावण झालं की परत आणा. सहा महिने झाल्यावर मोठी आई मला न्यायला कांदिवलीला आली. मी तिच्याकडे जाईना. तिने उचललं तर मी रडून रडून काळीनिळी झाले. आईने पदराखाली घेतलं तेव्हा गप्प झाले.

"तुझी आवस पण रडाक लागली," ती म्हणाली. "माझे पाय धरल्यान. मगे मी म्हटलंय, ऱ्हवांदे."

मी विचारलं, "मग परत का नाही आलीस?"

"इलंय मगे. दर आयतवारी इलंय. तू दार उघडून आत सांगीस, मोठी आई इली."

ते खरं होतं. रविवारी ती यायची. कधी बांगडे आणायची, कधी काही नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, आई आतून चहा आणून द्यायची आणि दोघी जावा महागाईवर बोलायच्या. मला तिच्या समोर बसायचा कंटाळा यायचा. मी खेळायला पळायचे. त्या रविवारांना मी कधी मोजलं नव्हतं, कारण ते मला रोजच्यासारखे वाटायचे.

पांढरी पेटीतून बाहेर आली. मी दार लावलं. पिल्लं काट्यावर ठेवायची होती, ती मी ठेवली. दूध थोडंच होतं, पण सगळ्यांच्या पोटात पांढरं दिसत होतं. मी मोठ्या आईला ते सांगितलं. ती बरं म्हणाली आणि कठड्याला धरून खाली गेली.

त्यानंतरचे दिवस मी आईवर चिडलेली होते. मेलेल्या माणसावर चिडणं फार त्रासाचं असतं, ते समोरून एक शब्द बोलत नाही. भाकरी थापता थापता तिने मला सांगितलं होतं की त्यांना मुलगी नको होती. हात न थांबवता सांगितलं होतं. मी त्या एका वाक्यावर आयुष्यभर एका बाईशी परक्यासारखी वागले. मग वाटायचं, आणि ही म्हातारीच खोटं बोलत असेल तर? आश्रमात जायचं टळावं म्हणून? आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. काका गेले, वडील गेले, ती सासू कधीच गेली. मला आईची बाजूही दिसत होती. पोर गेलेलं, छातीला लावलेलं दुसरं पोर, आणि सहा महिन्यांनी दारात जाऊ उभी. मी तिच्या जागी असते तर मीही पाय धरले असते. खोटंही बोलले असते बहुतेक. एवढं समजूनही राग जात नव्हता. एक दिवस मी तिच्या फोटोला फूल वाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाहिलं.

करडीची पिल्लं जगली. त्यातलं एक गेलं, बाकीची पांढरीमागे फिरायला लागली, पांढरी मात्र त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हती, तशी ती स्वतःच्यांकडेही बघत नव्हती. वाड्याच्या माणसाला मी खरं ते सांगितलं. करडीत दूध होतं आणि माया होती, आमच्याकडून बिघडलं, पुढच्या खेपेला पुन्हा बघू. तो म्हणाला, थांबतो. मोठी आई रोज वर येत होती. आता ती दुरून बघायची, पेटीला हात लावायची नाही. मी एकदा तिच्या हातात एक पिल्लू दिलं. ती नको नको म्हणत होती. डोळे उघडलेलं, लव आलेलं पिल्लू होतं, त्याला आता कशाने काही होणार नव्हतं. तिने ते पदरात धरलं आणि मला म्हणाली, तूच घे बाई. मी घेतलं.

मग दादाचा फोन आला. मी आणि मोठी आई ओट्याखाली बसून मेथी निवडत होतो, पानं आपल्याला आणि देठं सशांना. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात ओले होते. दादा म्हणाला, नेरळला जागा झाली आहे. रविवारी तो गाडी घेऊन येईल, तिचे कपडे आणि औषधं भरून ठेव.

मी म्हटलं, ती नाही जात तिकडे. इथेच राहू दे.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. दादाही गोंधळला. बरं झालं म्हणाला, मग लगेच सावध झाला. माझ्या नवऱ्याला चालेल का, पुढे जमलं नाही तर काय, तिथली जागा एकदा सोडली की पुन्हा मिळत नाही. आजचा उमाळा उद्या ओसरतो, असंही म्हणाला. तो चुकीचं बोलत नव्हता. शेवटी त्याने विचारलं, "बघ ना, मला त्यांना काहीतरी सांगावं लागेल. कधीपर्यंत ठेवतेस तिला?"

कायमची म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द मला तिच्यासमोर उच्चारता येत नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली होती.

"सा म्हयने सांग," ती म्हणाली.

मी दादाला सहा महिने सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, सहा महिने झाले की मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि रडायला लागले. ती मला गप्प हो म्हणाली नाही.